न्यायमूर्ती होण्याआधीची बावीस वर्षे : महादेव गोविंद रानडे



जानेवारी महिन्यात शाळेच्या फलकावर न्यायमूर्ती रानडे यांचं नाव दोनदा येतं. १६ जानेवारीला पुण्यतिथी आणि १८ जानेवारीला जयंती. मुलं भाषण पाठ करतात : थोर समाजसुधारक, अर्थतज्ज्ञ, इतिहासकार, प्रार्थना समाजाचे नेते. आणि सुरुवातीला अर्थातच ‘न्यायमूर्ती’. हा शब्द त्यांच्या नावाला इतका चिकटला आहे की कितीतरी मुलांना तो नावाचाच भाग वाटतो.

पण हे न्यायमूर्ती नेमके काय काम करत होते? कुठल्या कोर्टात बसत होते? त्या खुर्चीपर्यंत कसे पोचले? हे आपण वर्गात फारसं सांगत नाही. खरं तर रानडे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले ते वयाच्या ५१ व्या वर्षी. त्याआधीची बावीस वर्षं ते खालच्या कोर्टांत होते. त्यांची बहुतेक मोठी कामं याच बावीस वर्षांत सुरू झाली आणि उभी राहिली. म्हणून या लेखात त्यांच्या नोकरीची गोष्ट जरा सविस्तर पाहू.

बालपण आणि शिक्षण

महादेवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड इथे झाला. वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानात गेले, त्यामुळे रानड्यांचं बालपण कोल्हापुरात गेलं. लहानपणी हा मुलगा अबोल होता. चुणचुणीत म्हणावा असा मुळीच नव्हता.

त्यांची एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. खेळायला कोणी नव्हतं म्हणून लहान महादेव घरातल्या खांबालाच भिडू करून सोंगट्या खेळायला बसला. एका हाताने स्वतःचा डाव, दुसऱ्या हाताने खांबाचा. शेवटी खांब जिंकला आणि महादेव हरला. बघणारे हसले, पण त्याने आपली हार सरळ कबूल केली. ही गोष्ट सांगताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा : दोन्ही फासे आपल्याच हातात असताना स्वतःच्या बाजूने न खेळणं सोपं आहे का? न्यायाधीशाचं सगळं काम या प्रश्नात येतं.

कोल्हापूरचं शिक्षण संपल्यावर ते मुंबईला एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. १८५९ मध्ये मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली आणि त्या पहिल्याच तुकडीत रानडे उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले बी. ए. बाहेर पडले, त्यांत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही होते. १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये कायद्याची एलएल. बी. ही पदवी. अफाट वाचनामुळे याच काळात त्यांचे डोळे बिघडले. पुढे आयुष्यभर त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं आणि मजकूर सांगून लिहून घ्यावा लागला. जाड चष्म्याआडचे ते अर्धवट मिटलेले डोळे आपण फोटोत पाहतोच.

विद्यार्थीदशेतला एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि मराठ्यांची बाजू घेतली. प्राचार्य होते सर अलेक्झांडर ग्रँट. ते चिडले आणि रानड्यांची शिष्यवृत्ती काही महिने बंद झाली. आपलं मत मांडलं तर किंमत मोजावी लागते, हा धडा त्यांना सरकारी नोकरीत शिरण्याआधीच मिळाला होता.

आधी शिक्षक, मग न्यायाधीश

रानडे थेट न्यायाधीश झाले नाहीत. आधी शिक्षण खात्यात भाषांतरकार, मग काही काळ अक्कलकोट संस्थानात कारभारी, त्यानंतर कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश, अशा त्यांच्या नेमणुका होत गेल्या. १८६८ मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक झाले. इंग्रजी आणि इतिहास हे विषय ते शिकवत. म्हणजे आपल्या शिक्षकी पेशातच त्यांची तीन वर्षं गेली. या काळात त्यांनी वकिलीची ॲडव्होकेटची परीक्षाही दिली आणि ते पास झाले.

आता त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, मुंबईत वकिली करून भरपूर पैसा मिळवणं. दुसरी, सरकारची न्यायखात्यातली नोकरी. रानड्यांनी दुसरी वाट धरली. मुंबईत मॅजिस्ट्रेट आणि लहान दाव्यांच्या कोर्टात काही काळ हंगामी काम केल्यावर नोव्हेंबर १८७१ मध्ये ते पुण्याला पहिल्या वर्गाचे सबॉर्डिनेट जज्ज म्हणून आले. वय होतं २९.

हे पद म्हणजे काय, ते थोडक्यात समजून घेऊ. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याप्रमाणे जिल्ह्यात सर्वांत वर जिल्हा न्यायाधीश आणि त्याच्या हाताखाली दोन वर्गांचे सबॉर्डिनेट जज्ज असत. दुसऱ्या वर्गाच्या जज्जाने पाच हजार रुपयांपर्यंतचे दावे चालवायचे. पहिल्या वर्गाच्या जज्जाला रकमेची मर्यादा नव्हती. जमीनजुमला, वारसा, वाटणी, दत्तक, गहाण, कर्ज असे लोकांच्या रोजच्या जगण्यातले झगडे त्याच्यापुढे येत. पण जिल्हा न्यायाधीशाच्या जागा बहुतांशी आय. सी. एस. साहेबांसाठी राखलेल्या असत आणि ती परीक्षा लंडनला जाऊन द्यावी लागे. त्यामुळे हुशार हिंदी माणूस साधारणपणे सबॉर्डिनेट जज्जाच्या पायरीवरच अडकून राहायचा. रानड्यांचंही तेच झालं.

पुणे : दिवसा कोर्ट, संध्याकाळी समाज

पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले ‘सार्वजनिक काका’, तिचे प्राण होते. रानडे आले आणि सभेला डोकं मिळालं. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. १८७८ पासून सभेचं इंग्रजी त्रैमासिक निघू लागलं. त्यातले कितीतरी लेख रानड्यांचे असत, मात्र त्यांवर नाव नसे. नाव का नसे? कारण ते सरकारी नोकर होते. सरकारच्या जमीनमहसूल धोरणावर टीका करणारा माणूस सकाळी त्याच सरकारच्या कोर्टात निकाल देत होता! लोकांनी कोर्टाची पायरी न चढता आपसांत तंटे मिटवावेत म्हणून सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने पुण्यात लवाद कोर्टही निघालं होतं. सरकारी जज्ज असूनही रानड्यांचा अशा प्रयत्नांना पाठिंबा होता.

याच काळात एक गोष्ट घडली, ती मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. १८७३ मध्ये रानड्यांची पहिली पत्नी वारली. विष्णुशास्त्री पंडितांबरोबर ते विधवाविवाहाच्या चळवळीत पुढे होते. तेव्हा ते आता एखाद्या विधवेशीच लग्न करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांना नेमकी तीच धास्ती होती. त्यांनी घाईने लग्न ठरवलं आणि रानड्यांनी वडिलांपुढे मान तुकवली. डिसेंबर १८७३ मध्ये त्यांचं लग्न देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर घराण्यातल्या अकरा वर्षांच्या रमेशी झालं. टीका खूप झाली आणि ती योग्यही होती. दुसऱ्यांचे वाद निःपक्षपाताने सोडवणारा हा माणूस स्वतःच्या घरात मात्र ठाम राहू शकला नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. त्या मुलीला अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी लग्नानंतर लगेच तिला पाटीवर अक्षरं शिकवायला सुरुवात केली. घरातल्या बायकांचा विरोध सोसून रमाबाई शिकल्या, मराठी शिकल्या, इंग्रजी शिकल्या. डोळे अधू झालेल्या नवऱ्याला त्या वर्तमानपत्रं आणि पुस्तकं वाचून दाखवू लागल्या. पुढे पुण्याच्या सेवासदनाचं काम त्यांनीच वाढवलं आणि ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिलं. रानड्यांच्या घरातलं आपल्याला जे काही ठाऊक आहे ते बरंचसं त्या पुस्तकामुळे. म्हणून १८७३ ची चूक झाकायची नाही आणि पुढचं कामही विसरायचं नाही. दोन्ही सांगायचं.

संशयाची वर्षे : नाशिक आणि धुळे

सार्वजनिक सभेमागे कोण आहे, हे सरकारला कळत नव्हतं असं नाही. १८७८ मध्ये रानड्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. पुढच्या वर्षी, १८७९ च्या मे महिन्यात, पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड सुरू होतंच. सरकारला पुण्याच्या प्रत्येक शिकलेल्या माणसाचा संशय येऊ लागला. सुट्टीत पुण्याला आलेल्या रानड्यांना थेट धुळ्याला जाण्याचा हुकूम मिळाला.

धुळ्यात त्यांची पत्रं फोडून पाहिली जात होती. फडक्यांच्या बंडाशी संबंध दाखवणारी बनावट पत्रंही त्यांच्या नावावर येऊ लागली. रमाबाईंनी हा काळ आपल्या आठवणींत सांगितला आहे. रानड्यांनी काय केलं? आरडाओरडा केला नाही, राजीनामा दिला नाही आणि पत्रं फाडूनही टाकली नाहीत. ती सरळ पोलिसांकडे पाठवून दिली. आणि कोर्टाचं काम रोजच्यासारखं चालू ठेवलं. हळूहळू सरकारचा संशय फिटला. १८८१ च्या सुरुवातीला मुंबईत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट म्हणून काम केल्यावर ते पुन्हा पुण्याला आले.

शेतकऱ्यांचा जज्ज

आता त्यांच्या नोकरीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा येतो. तो समजण्यासाठी थोडं मागे जाऊ.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. इतिहासाच्या पुस्तकात आपण याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतो. या लोकांचा रोख मुख्यतः सावकाराच्या दप्तरावर होता. कर्जाचे रोखे हिसकावून घ्यायचे आणि जाळायचे. का? कारण कोर्टात सावकार तो कागद पुढे करायचा, खाली शेतकऱ्याचा अंगठा असायचा, आणि जज्ज कागद पाहून हुकूमनामा देऊन मोकळा व्हायचा. मूळ कर्ज किती होतं, व्याजावर व्याज चढवून ते किती फुगलं, हे कोणी विचारत नसे. शेतकऱ्याच्या नजरेत तो कागद आणि कोर्ट दोन्ही सावकाराचीच हत्यारं होती.

चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्याने न्यायाधीशावर नवी जबाबदारी टाकली. नुसत्या रोख्यावर न थांबता व्यवहाराचा इतिहास अगदी पहिल्यापासून उकरून काढायचा, हिशेब नव्याने मांडायचा, खरं देणं ठरवायचं आणि ते फेडायला हप्ते बांधून द्यायचे. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. दावा कोर्टात येण्याआधीच तडजोड घडवून आणणारे मध्यस्थही नेमले गेले. आणि या सगळ्या कामावर, खालच्या कोर्टांच्या निकालांवर, देखरेख करायला विशेष न्यायाधीश नेमला गेला.

रानडे १८८१ मध्ये या विशेष न्यायाधीशाचे साहाय्यक झाले आणि १८८७ मध्ये स्वतः विशेष न्यायाधीश. मधल्या काळात १८८४ मध्ये पुण्याच्या लहान दाव्यांच्या कोर्टाचंही काम त्यांनी पाहिलं. विशेष न्यायाधीशाची नोकरी म्हणजे गावोगाव फिरती. कधी तंबूत मुक्काम, कधी धर्मशाळेत. तालुक्याच्या ठिकाणी जायचं, तिथल्या कोर्टाची दप्तरं तपासायची, निकाल बरोबर आहेत का ते पाहायचं आणि चुकलेले दुरुस्त करायचे. या कायद्यात अपिलाची सोय नव्हती. त्यामुळे गरीब कुळावर अन्याय झाला असेल तर तो सापडायचा तो याच तपासणीत.

विचार करा, हजारो शेतकऱ्यांच्या कर्जांचे हिशेब या माणसाच्या डोळ्यांखालून गेले. पीक बुडालं की शेतकरी कर्ज का काढतो, सारा भरण्यासाठी किती व्याज देतो, सावकाराशिवाय त्याला दुसरं दार का नाही, हे त्यांनी कागदावर आणि प्रत्यक्ष गावात पाहिलं. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर प्रसिद्ध व्याख्यान दिलं. इंग्लंडच्या पुस्तकातले नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, देशाची स्थिती पाहून अर्थनीती ठरवावी लागते, असा त्याचा सारांश. शेतकऱ्याला स्वस्त कर्ज हवं आणि नुसत्या शेतीवर न राहता देशात उद्योगधंदे वाढायला हवेत, हे ते सतत मांडत राहिले. अर्थतज्ज्ञ रानडे घडले ते अशा कोर्टाच्या दप्तरांतून, असं मला वाटतं.

दरम्यान मान मिळत होता. १८८५ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलचं सभासदत्व मिळालं आणि १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या समितीवर नेमणूक झाली. त्या कामासाठी कलकत्त्यात राहिले तेव्हा तिथल्या न्हाव्याची मदत घेऊन ते बंगाली वाचायला शिकले! १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल, म्हणजे आजचं हुजूरपागा, सुरू झालं, त्यातही ते पुढे होते. १८८७ मध्ये सामाजिक परिषद सुरू झाली. कोर्टाची नोकरी सांभाळून हे सगळं.

हायकोर्टाची खुर्ची

मुंबई हायकोर्ट १८६२ मध्ये सुरू झालं. न्यायाधीशांपैकी किमान एक तृतीयांश बॅरिस्टर आणि एक तृतीयांश आय. सी. एस. असावेत, असा नियम होता. उरलेल्या जागांतून एखादीच हिंदी माणसाच्या वाट्याला यायची. ती आधी नानाभाई हरिदासांना मिळाली. १८८९ मध्ये ते वारले आणि त्यांच्या जागी काशिनाथ त्र्यंबक तेलंग आले. तेलंग मोठेच विद्वान, पण रानड्यांपेक्षा आठ वर्षांनी लहान. अठरा वर्षं न्यायखात्यात घालवलेल्या माणसाला हे किती लागलं असेल! पण रानड्यांनी तेलंगांशी असलेल्या स्नेहात अंतर पडू दिलं नाही.

१ सप्टेंबर १८९३ रोजी तेलंग अवघ्या ४३ व्या वर्षी वारले. त्यानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रानडे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. पुण्याने त्यांचे सत्कार केले, निरोप दिला. बावीस वर्षांपूर्वी ज्या शहरात ते सबॉर्डिनेट जज्ज म्हणून आले होते, तिथून ते न्यायमूर्ती होऊन निघाले.

हायकोर्टात त्यांना सात वर्षं मिळाली. वारसा, दत्तक, स्त्रियांचे मालमत्तेवरील हक्क असे हिंदू कायद्याचे प्रश्न तिथे येत. दिवसभर कोर्ट आणि उरलेल्या वेळात लेखन. पेशव्यांच्या रोजनिशांचा अभ्यास केला. १९०० मध्ये मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्यार्थीदशेत ज्या विषयापायी शिष्यवृत्ती गेली होती, त्याच विषयावर चाळीसेक वर्षांनी हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनी पुस्तक लिहिलं! विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीसारख्या देशी भाषांना जागा मिळावी म्हणून त्यांनी शेवटपर्यंत धडपड केली. आपण मराठीच्या शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवायला हवं.

तब्येत ढासळत गेली. १९०० च्या डिसेंबरात लाहोरच्या सामाजिक परिषदेला त्यांना जाता आलं नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी, ५९ वा वाढदिवस दोन दिवसांवर आला असताना, मुंबईत त्यांचं निधन झालं. हायकोर्टात त्यांच्यानंतर नारायण गणेश चंदावरकर आले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी राजकारणात गुरूचा मार्ग पुढे नेला. १९४३ मध्ये रानड्यांच्या जयंतीला पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्याख्यान दिलं आणि रानड्यांच्या मोठेपणाचा नव्याने विचार मांडला.

वर्गात काय सांगावं?

आजची मुलं आणि पालक निकालाची, पदाची, पहिल्या नंबराची घाई करतात. त्यांना एक साधा हिशेब सांगावा. रानड्यांची खालच्या कोर्टांतली वर्षं बावीस आणि हायकोर्टातली सात. मोठ्या पदाची वाट बघत ते हातावर हात ठेवून बसले असते, तर हायकोर्टात पोचेपर्यंत त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काहीच उरलं नसतं. समोर आलेल्या कर्जाच्या कागदाकडे त्यांनी नीट पाहिलं, म्हणून त्या कागदामागचा शेतकरी त्यांना दिसला.

चर्चेसाठी काही प्रश्न देत आहे :

१. कर्जाच्या रोख्यावर अंगठा असला तरी न्यायाधीशाने मागचा व्यवहार का तपासावा?
२. सरकारी नोकरीत राहून सरकारच्या चुका दाखवता येतात का? रानड्यांनी ते कसं केलं?
३. बनावट पत्रं आली तेव्हा तुम्ही काय केलं असतं?
४. १८७३ मधल्या रानड्यांच्या निर्णयाबद्दल तुमचं मत काय? थोर माणसाची चूक कशी सांगावी?

चौथ्या प्रश्नावर मुलांना मोकळेपणाने बोलू द्या. उत्तरं वेगवेगळी येतील, आणि तशी ती यायलाच हवीत.